अतिभार



आमच्या नात्यात आणि व्याह्यांत मिळून दातांचे डॉक्टर पाच. दोघे जळगावात, दोघे धुळ्यात आणि एक चोपड्याला. त्यातल्या एका क्लिनिकचे हिशेब गेली काही वर्षे मी बघते. बी.कॉम. होऊन चाळीस वर्षे झाली, पण नावे-जमा विसरत नाही माणूस. सीएकडे कागद जाण्याआधी वह्या नीट लावून देणे, एवढेच माझे काम.

त्या वहीत दरवर्षी एक ओळ असते. डेंटल चेअर, कॉम्प्रेसर, एक्स-रे मशीन, ऑटोक्लेव्ह यांचा घसारा 15 टक्के. कॉम्प्युटरचा 40 टक्के. टेबल-खुर्च्या, कपाटे यांचा 10 टक्के. वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरले असेल तर त्याच्या निम्मा. सरकारलासुद्धा मान्य आहे की वस्तू वापरली की झिजते, आणि ती झीज कमाईतून वजा करावीच लागते, नाहीतर नफा खोटा दिसतो. त्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसून दिवसभर वाकलेले जे माणूस आहे, त्याची झीज मात्र कुठल्याच रकान्यात येत नाही. त्यामुळे दरवर्षीचा नफा थोडा खोटाच असतो, असे माझे मत आहे. या लेखात तेच मांडायचे आहे. आणि आपण जैन घरांनी ते का मनावर घ्यावे, हेही.

'बर्नआउट' हा शब्द आता आपल्या मुली-सुनांच्या तोंडी असतो. आपण त्याचे भाषांतर 'थकवा' करतो आणि म्हणतो, थकवा कोणाला येत नाही? आम्ही नाही का चाळीस माणसांचा स्वयंपाक केला! पण हा शब्द नुसत्या थकव्यासाठी नाही. 1974 मध्ये न्यूयॉर्कमधल्या हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने तो लेखात मांडला. तो जिथे काम करायचा तो एक मोफत दवाखाना होता, आणि ज्यांच्याबद्दल त्याने लिहिले ते तिथे सेवाभावाने राबणारे लोक होते. म्हणजे आळशी माणसांचे वर्णन करायला हा शब्द आलेला नाही, जीव ओतून काम करणाऱ्यांसाठी आला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आपल्या रोगांच्या यादीच्या नव्या आवृत्तीत त्याची व्याख्या केली. आजार म्हणून नव्हे, कामातून निर्माण होणारी अवस्था म्हणून. तीन खुणा दिल्या आहेत: अंगातली शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामापासून आणि त्यातल्या माणसांपासून मन उडणे किंवा कडवट होणे, आणि आपल्या हातून नीट काही होत नाही असे वाटणे.

यातली दुसरी खूण मला महत्त्वाची वाटते. थकलेले माणूस झोपले की ताजे होते. पण आपल्या घरची डॉक्टर मुलगी रविवारी दहा तास झोपूनही सोमवारी सकाळी "आज एकही पेशंट येऊ नये" असे म्हणत असेल, आणि आलेल्या माणसाच्या दाढेकडे बघताना तिला त्या माणसाचा रागच येत असेल, तर ते झोपेने जाणारे नाही.

दातांच्याच डॉक्टरांचे का लिहिते? कारण त्यांचे काम बाहेरून फार सोपे दिसते. एसी आहे, रात्रपाळी नाही, मरणाशी गाठ नाही. लग्नाच्या बाजारात बीडीएस मुलीला म्हणूनच तर मागणी! "घर सांभाळून करता येईल" हे वाक्य मी निदान पन्नास बायोडाटांच्या वेळी ऐकले असेल.

आता ते काम बघा. दोन-तीन बोटे मावतील एवढ्या जागेत, ओल्या आणि हलणाऱ्या तोंडात, मान एका बाजूला वाकवून, मिलिमीटरच्या हिशेबात काम करायचे. एअरोटरचा तो कर्कश आवाज आपल्याला पंधरा मिनिटे ऐकवत नाही, त्यांच्या कानाशी तो दिवसभर. मान, खांदे, कंबर, मनगट ही दुखणी या धंद्यात जगभर आढळतात. समोर येणारा प्रत्येक माणूस दुखणे किंवा भीती घेऊनच येतो. "डॉक्टर, मला तुम्हाला भेटायला आवडतं" असे दातांच्या डॉक्टरला कोण म्हणते? खुर्चीत बसल्याबरोबर "मला दातांच्या डॉक्टरची फार भीती वाटते" हे ऐकायचे, हसायचे, धीर द्यायचा, मग सुई टोचायची. दिवसातून पंधरा-वीस वेळा.

आणि आपली खान्देशची तोंडे! गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे. कुठल्याही टपरीवर जाऊन ती बंदी किती पाळली जाते ते बघा. गुटखा, सुपारी, मावा यांमुळे तोंडाची आतली कातडी कडक होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. साधारण निरोगी माणसाच्या तोंडात आपली तीन बोटे उभी मावतात. या माणसांच्या तोंडात दोन, मग एक. पुढे त्यातल्या काहींना कर्करोग होतो. हे बहुतेक वेळा सगळ्यात आधी कोणाला दिसते? दातांच्या डॉक्टरला. माणूस आलेला असतो दाढ दुखते म्हणून. वय सत्तावीस-अठ्ठावीस, बाहेर बायको लहान मुलाला घेऊन बसलेली. त्याला सांगायचे की दाढेचे नंतर बघू, आधी हा पांढरा चट्टा तपासायला पाठवू. असे सांगायचे कसे, सांगून झाल्यावर स्वतःचे काय करायचे, आणि पाच मिनिटांनी आत येणाऱ्या बाईंचे दात पांढरे कसे करायचे, हे कॉलेजात फारसे कोणी शिकवत नाही. आमच्यातली एक मला म्हणाली, "काकी, अशा दिवशी घरी आले की मला भाजीत मीठ किती घालायचं तेही सुचत नाही." ती धुळ्याची. हुशार, हसरी, कॉलेजात पहिल्या पाचांतली मुलगी.

कोविडचे तर विचारूच नका. मार्च 2020 मध्ये अमेरिकेतल्या न्यूयॉर्क टाइम्सने कुठल्या कामात लागण होण्याचा धोका किती याचा एक तक्ता छापला होता, त्यात दातांचे काम करणारे अगदी वरच्या टोकाला होते. तोंड उघडायचे, पाण्याचा फवारा उडवायचा आणि तो श्वासात येणार, इतके साधे कारण. क्लिनिके बंद झाली, भाडे आणि हप्ते चालू राहिले. (आपल्या साधू-साध्वींची मुहपत्ती बघून हसणारे तेव्हा दोन-दोन मास्क लावून फिरत होते, तेही आठवले.) आणि 2021 च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिस आला. काळ्या बुरशीने वरचा जबडा खाल्लेली माणसे. ते जबडे काढण्याचे, नंतर त्या पोकळीवर कृत्रिम टाळू बसवण्याचे काम दातांच्याच शाखेतल्या सर्जननी आणि कवळीतज्ज्ञांनी केले. टाळ्या वाजवताना हे लोक आपल्या डोळ्यांसमोर नव्हते.

आता पैशाचे. हा भाग मला नीट कळतो, म्हणून थोडे थांबते.

बीडीएस म्हणजे चार वर्षे अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. एमडीएस करायचे तर आणखी तीन. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत आणि त्यातली बहुसंख्य खासगी. आपल्याकडे धुळ्यात साक्री रस्त्यावर एसीपीएम डेंटल कॉलेज आहे, त्यामुळे खान्देशातल्या कित्येक मुलामुलींना पुण्या-मुंबईला न जाता शिकता आले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण एमबीबीएसला सरकारी नोकरीच्या जेवढ्या वाटा आहेत, तेवढ्या यांना नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात दातांचा डॉक्टर तुम्ही किती ठिकाणी पाहिला? मग बहुतेकांसमोर दोनच रस्ते. दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये तुटपुंज्या पगारावर राहायचे, किंवा स्वतःचे उघडायचे.

स्वतःचे उघडायचे म्हणजे पहिला रुग्ण येण्याआधीच लाखांत खर्च. जागेची अनामत, खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे, फर्निचर, पाट्या. त्यात शिक्षणाचे कर्ज आधीच डोक्यावर. आणि रुग्ण सुरू झाले की आपली भाव करण्याची सवय! जळगावच्या सराफ बाजारात ज्या माणसाने मजुरीसकट सोने निमूटपणे घेतले, तोच रूट कॅनॉलचे ऐकून "डॉक्टर, काहीतरी कमी करा की" म्हणतो. पहिल्या खेपेत दुखणे थांबले की दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला येतच नाही. दोन महिन्यांनी दाढ तुटली की मात्र "तुमच्या कामाने तुटली" म्हणून भांडायला येतो. कॅपचे माप दिले, लॅबचे बिल भरले, कॅप तयार होऊन ड्रॉवरमध्ये पडली आहे आणि मालक बेपत्ता, अशा कॅपा प्रत्येक डॉक्टरकडे असतात. बुडीत खाते म्हणतात त्याला आमच्या भाषेत.

यात आपला समाज काय करतो? आपल्या घरांत व्यापार रक्तात आहे. दुकान उघडल्यावर गिऱ्हाईक परत पाठवायचे नाही, संध्याकाळी शेवटचा माणूस गेल्याशिवाय शटर ओढायचे नाही, हे लहानपणापासून शिकवलेले असते. दुकानाला ते शोभते. क्लिनिकला तोच नियम लावला की दुपारी जेवणाच्या सुट्टीत "फक्त दोन मिनिटं बघा" वाले आत येतात आणि रात्री साडेनऊला "आत्ताच चोपड्याहून आलो" वालेही. दुकानदाराला मदतीला मुनीम आणि पोरगे असते. दाढ काढणारा हात एकच असतो.

सुनेच्या बाबतीत तर आपण दोन्हीकडून ओझे लादतो. क्लिनिक उघडून दिले म्हणून उपकार केल्यासारखे बोलतो, ते चालले नाही तर कुजबुजतो, आणि फार चालले तर "घराकडे लक्ष नाही" म्हणतो. चौविहार पाळणारी सून क्लिनिकमध्ये असेल तर सूर्यास्तापूर्वी जेवायचे कसे? खान्देशात लोक दवाखान्यात येतात तेच ऊन उतरल्यावर, संध्याकाळी पाचनंतर. हिवाळ्यात सहाच्या आत सूर्य मावळतो. ऐन गर्दीत दहा मिनिटे हात धुऊन, मास्क काढून, मागच्या खोलीत डब्यातले दोन फुलके गिळायचे. बाहेरून कोणीतरी विचारते, "मॅडम आहेत ना?" ते चुकले तर रात्रभर उपाशी, पाणीही नाही. ती तक्रार करत नाही. पण सकाळी साडेअकरापासून पाणी कमी प्यायचे कारण सारखे उठता येत नाही, आणि सूर्यास्तानंतर प्यायचे नाही कारण नियम आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 ला टेकतो, तेव्हा या शरीराचे काय होत असेल?

इथे मला आपल्या प्रतिक्रमणाची आठवण होते. पहिले अणुव्रत अहिंसेचे. त्याचे पाच अतिचार आपण पाठ म्हणतो: बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि भक्तपानविच्छेद. बांधून ठेवणे, मारणे, अवयव कापणे, शक्तीबाहेर ओझे लादणे, आणि वेळेवर अन्नपाणी न देणे. म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर बैल येतो, घोडा येतो, फार तर घरचा गडी येतो. आपल्या पूर्वजांचा कापसाचा, धान्याचा व्यापार बैलगाड्यांवर चालायचा, त्यामुळे गाडीत किती मण भरायचे हा त्यांच्यासाठी रोजचा धर्माचा प्रश्न होता.

त्या बैलासाठी आपल्या देशात कायदाही आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 चा, आणि ओझे वाहणाऱ्या जनावरांचे नियम 1965 चे. त्या नियमांनुसार गाडीच्या जनावराला दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त जुंपायचे नाही. सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, मध्ये विश्रांती हवी. आणि तापमान 37 अंशांच्या वर असेल अशा ठिकाणी दुपारी 12 ते 3 जुंपायचेच नाही. हे वाचून मी आमच्या क्लिनिकच्या अपॉइंटमेंटची वही काढली. सकाळी 10 ते 2 आणि 4 ते रात्री 9. कागदावर नऊ तास. प्रत्यक्षात दुपारी तीनला उठणे आणि रात्री दहाला शटर. आपला डॉक्टर बैलाच्या नियमात बसत नाही.

कोणी म्हणेल, बैलाला दुसरा जुंपतो, डॉक्टर स्वतःला जुंपतो, त्यात अतिचार कसला? मला हे पटत नाही. एक तर त्याला जुंपणारे आपणच आहोत, हप्त्यांच्या, अपेक्षांच्या आणि "अमक्याच्या मुलाने दुसरे क्लिनिक टाकले" या वाक्याच्या दोरीने. आणि दुसरे, अहिंसेतला जीव मोजताना स्वतःचा जीव वगळायचा, असे मला कुठल्या व्याख्यानात ऐकल्याचे स्मरत नाही. बाराव्या व्रतापर्यंत जाताना दहावे देशावकाशिक व्रत येते. आजच्या दिवसापुरती मर्यादा घालायची. सकाळी चौदा नियम धारणारे आपल्यात आजही कितीतरी आहेत: आज इतकेच पदार्थ, इतकेच कपडे, इतकाच प्रवास. या सवयीच्या माणसांना "आज सोळाच रुग्ण, सतरावा उद्या" हे पच्चक्खाण जड का वाटावे? उलट आपल्यालाच ते सगळ्यात सोपे जायला हवे.

धर्माची दुसरी बाजूही सांगते, कारण इथे आपल्याकडून हानी होते. मन उदास आहे, रडू येते, झोप नाही, असे कोणी सांगितले की आपल्यातली मोठी माणसे म्हणतात, "आर्तध्यान करू नकोस, कर्म बांधशील. सामायिक कर, नवकार म्हण." सामायिकेने मला स्वतःला फार आधार दिला आहे. 48 मिनिटे फोन नाही, बोलणे नाही, कोणाला काही द्यायचे नाही. ज्यांचे मन फक्त दमले आहे त्यांना याहून चांगली विश्रांती मिळणार नाही. पण ज्याचे मन आजारी पडले आहे त्याला "आर्तध्यान सोड" म्हणणे म्हणजे तापाने फणफणलेल्याला "ताप कमी कर" म्हणणे. वर त्याच्या दुखण्यावर पापाचे लेबल लावायचे. मग तो डॉक्टरकडे कसा जाईल? तो आपल्यापासूनही लपवेल.

आपल्या साधू-साध्वींकडे बघा. त्यांचे आचार किती कठीण! तरी दाढ सुजली तर ते औषधोपचार घेतात, विहारात असताना आमच्या एका डॉक्टरच्या हातून कितीतरी महाराजसाहेबांचे दात झाले आहेत. त्यात जो दोष लागला असेल त्याचे ते प्रायश्चित्त घेतात आणि पुढे चालू लागतात. उपचार नाकारला म्हणजे तप वाढले, असे तिथे कोणी मानत नाही. आणि तपांची यादीच काढायची तर बारा प्रकारांत उपवास बाह्य तपात येतो. वैयावृत्त्य, ज्याला आपण वैयावच्च म्हणतो, ते आभ्यंतर तपात. त्यात ग्लान, म्हणजे आजारी, याची सेवा नाव घेऊन सांगितली आहे. अठ्ठाईचे पारणे आपण वाजतगाजत करतो. घरातल्या खचलेल्या माणसाजवळ अर्धा तास गप्प बसून ऐकणे हेही तपच आहे, त्याची मिरवणूक निघत नाही एवढेच.

दातांच्या डॉक्टरांत आत्महत्या सगळ्यात जास्त होतात, असे एक वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरते. ते पुढे पाठवू नका. अभ्यासकांनी त्याचा शोध घेतला तेव्हा त्याला भक्कम पुरावा सापडला नाही. ताण खरा आहे, पण भीतीदायक वाक्यांनी तो हलका होत नाही, उलट ज्याचे मन आधीच डळमळीत आहे त्याला ते धोक्याचे ठरते. भरवशाचे आकडे हवे असतील तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाचा 2024 चा अहवाल आहे. तो दातांच्या नव्हे, वैद्यकीय विद्यार्थ्यांबद्दल आहे. त्यांच्या ऑनलाइन पाहणीत उत्तरे देणाऱ्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांपैकी 27.8 टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचे सांगितले. साधारण चारात एक. आपल्या घरात दोन डॉक्टर आणि व्याह्यांकडे दोन असतील तर हिशेब तुम्हीच करा.

डॉक्टर शिकायला गेलेल्या मुलीचे काय होऊ शकते हे जळगावला वेगळे सांगायला नको. डॉ. पायल तडवी आपल्याच जळगावची. मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत असताना 22 मे 2019 रोजी ती गेली. तीन वरिष्ठ डॉक्टरांवर जातीवरून छळ केल्याचा आरोप आहे, प्रकरण न्यायालयात आहे. तिची आई आबेदाताई त्याच वर्षी रोहित वेमुलाच्या आईबरोबर सर्वोच्च न्यायालयात गेल्या, दुसऱ्यांच्या मुलांसाठी. तिचे दुःख मी 'ताण' किंवा 'बर्नआउट' या खणात घालणार नाही, ते अन्यायाचे आहे आणि त्याला तेच नाव हवे. पण त्या वेळी वाचलेली एक गोष्ट प्रत्येक आईने लक्षात ठेवण्यासारखी आहे. मुलगी घरी सांगत होती. म्हणजे तिने शब्द काढला होता, घरच्यांनी ऐकला होता, संस्थेपर्यंतही तक्रार नेल्याचे घरच्यांनी सांगितले. आपल्या मुलीने शब्दच काढला नाही, कारण "एवढा खर्च केला आहे बाबांनी" ही भीती, तर आपल्याला काय कळणार?

मग जायचे कुठे? महाराष्ट्रात सरकारची जुनी मनोरुग्णालये चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. त्यातले एकही खान्देशात नाही. पण प्रत्येक मानसिक त्रासाला मनोरुग्णालय लागत नाही, जसे प्रत्येक दाढ काढावी लागत नाही. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावात 2018 पासून शासकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, दोन्ही शहरांत खासगी मानसोपचारतज्ज्ञही आहेत. अडचण वेगळी आहे. जळगावात त्यांच्या जिन्यावर कोणी पाहिले तर संध्याकाळपर्यंत दाणा बाजारात बातमी. त्यात डॉक्टरच दिसला तर "याचाच इलाज चालू आहे, हा आपला काय करणार?" रुग्ण तुटायची भीती खोटी नाही. म्हणून जळगावचे लोक पारोळामार्गे धुळ्याला जातात, धुळ्याचे नाशिकला, आणि सांगतात "डेंटल मटेरियल आणायला गेलो होतो". जाऊ द्या. लपून जावे लागले तरी जा. आता फोनवर, व्हिडिओवरही सल्ला मिळतो. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली. नंबर 14416, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते आणि नाव सांगण्याची सक्ती नाही. जगण्याचा कंटाळा आला असे कोणाच्याही तोंडून निघाले तर त्याच क्षणी त्याच्याजवळ बसून हा नंबर लावायचा, "उद्या बघू" नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपन्यांनी शारीरिक आजारासारखाच मानसिक आजारालाही विमा द्यायला हवा, हेही पॉलिसी काढताना विचारून घ्या. एजंट स्वतःहून सांगत नाही.

डॉक्टरांबरोबर त्यांच्या मदतनीस मुलींचेही बोलायला हवे. सकाळी क्लिनिक झाडण्यापासून हत्यारे उकळण्यापर्यंत सगळे करणारी, रुग्णाच्या शिव्या पहिल्यांदा खाणारी आणि डॉक्टरांची चिडचिड शेवटी सहन करणारी ती असते. तिचा पगार बघितला की मला बोलवत नाही. आणि कवळ्या-कॅपा बनवणारे लॅबवाले, "उद्याच पाहिजे" या निरोपावर रात्र काढणारे. ओझे वरून खाली सरकत जाते, ते असे.

आमच्या हिशेबाच्या क्लिनिकमध्ये गेल्या वर्षापासून तीन गोष्टी केल्या. गुरुवारी पूर्ण बंद, आणि रविवारी फक्त सकाळी. दुपारी दीड ते चार फोन मदतनीस मुलीकडे, डॉक्टरकडे नाही. सूर्यास्ताआधी वीस मिनिटे रुग्ण घ्यायचा नाही, वहीत ती जागा पेनाने खोडलेली असते. आणि मी वहीत एक खाते उघडले, 'डॉक्टर घसारा निधी'. आयकराच्या दृष्टीने त्याला काही अर्थ नाही, सीए हसले. दरमहा थोडी रक्कम त्यात जाते. त्यातून फिजिओथेरपी झाली, चांगले स्टूल आले, आणि बाकी कशासाठी गेले ते मी विचारत नाही. वर्षाची आवक थोडी कमी झाली. किती, ते मला माहीत आहे, आणि तो आकडा बघून मला वाईट वाटले नाही.

तुम्ही रुग्ण म्हणून जाता तेव्हाही थोडे करू शकता. ठरलेल्या वेळी जा, येणार नसाल तर आदल्या दिवशी कळवा. अर्धवट रूट कॅनॉल पूर्ण करा. व्याख्यान सुटल्यावर स्थानकाच्या पायरीवर तोंड उघडून दाखवू नका, मग ती तुमची भाची का असेना! पैसे आधी विचारा, परवडत नसेल तर तसे स्पष्ट सांगा, हप्ते होतात. काम चांगले झाले तर सहा महिन्यांनी नुसते सांगायला फोन करा की दाढ छान आहे. आमच्या धुळ्याच्या डॉक्टरला असा फोन एका शिरपूरच्या आजोबांचा आला होता, तर तिने तो मला, तिच्या आईला आणि नवऱ्याला, तिघांनाही सांगितला.

पर्युषणाआधी आमच्या संघाचे मोफत दंततपासणी शिबिर असते. मागच्या वेळी सकाळी आठ ते दुपारी चार दोन डॉक्टरांनी दीडशेच्या वर माणसे पाहिली आणि चहासुद्धा उभ्याने घेतला. यंदा फलक माझ्याकडे आहे. वेळ 9 ते 12. डॉक्टर चार. नावनोंदणी 60, एकसष्टावे नाव पुढच्या रविवारच्या यादीत. साडेदहाला वीस मिनिटे सुट्टी. अध्यक्षांनी विचारले, आकडा कमी नाही का दिसणार अहवालात? दिसेल.